खंडेनवमीचा नारळ आणि देवाशी एकनिष्ठ राहणे : तडजोड नेमकी कुठे सुरू होते?

वेशीवरचा (धागाकर्ता)

सर्व बंधुभगिनींना सलाम.

गेली अकरा वर्षे मी नगर जिल्ह्यातल्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये म्हणजे धातूचा पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागात कामाला आहे. मागच्या महिन्यात मला शिफ्ट सुपरवायझर केले. आमच्याकडे खंडेनवमीला प्रत्येक विभागात यंत्रांची पूजा होते. आदल्या दिवशी सगळ्या मशिनी धुऊनपुसून काढतात, नवमीच्या सकाळी त्यांना झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू वाहतात आणि विभागाचा सुपरवायझर पहिल्या प्रेससमोर नारळ फोडतो. आजवर मी मागे, गर्दीत उभा राहत असे आणि माझ्याकडे कोणाचे लक्षही जात नसे. या वर्षी तो नारळ माझ्या हातात येणार आहे.

आमचे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. वडील म्हणतात, "देव मन पाहतो, हात पाहत नाही. मनात प्रभूचे नाव घे, नारळ फोड आणि मोकळा हो, घर त्या नोकरीवर चालते." पत्नी म्हणते, ज्या हाताने आपण प्रभुभोजनाची भाकर घेतो त्या हाताने हे करता येणार नाही. दोघांच्याही बोलण्यात मला तथ्य दिसते आणि त्यामुळे रात्री झोप लागत नाही. माझ्या हाताखाली बावीस माणसे आहेत. ती ही पूजा मनापासून करतात, कारण प्रेसवर बोटे जातात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. माझ्या नकाराने त्यांच्या सणाचा अवमान व्हावा, असे मला मुळीच वाटत नाही.

पूजेच्या वेळी उभे राहणे, नारळ फोडणे आणि नंतर वाटलेला पेढा खाणे, यांपैकी तडजोड कोणती, याचे उत्तर मला मनापासून हवे आहे.

ओवरी

भाऊ, तुम्ही तीन गोष्टी वेगळ्या काढल्या, हे चांगले केले, कारण प्रेषित पौलानेही हा प्रश्न असाच वेगळा करून सोडवला आहे. करिंथ शहरात देवळात बळी दिलेल्या पशूंचे मांस बाजारात विकायला येत असे आणि देवळांच्या आवारात जेवणावळींची दालने असत. तिथल्या अस्क्लेपियसच्या मंदिराजवळ अशी दालने उत्खननात सापडलेली आहेत. व्यवसायाच्या, नात्यागोत्याच्या, मानपानाच्या पंगती तिथे बसत. त्यामुळे करिंथच्या ख्रिस्ती माणसापुढे जो प्रश्न रोज उभा राहत असे, तो आज तुमच्यापुढे उभा आहे, आणि करिंथकरांना पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठ ते दहा हे अध्याय त्यासाठीच लिहिलेले आहेत.

पौल तीन ठिकाणे मानतो. पहिले ठिकाण बाजार. तिथे जे विकत मिळते ते चौकशी न करता खा, कारण पृथ्वी व तिच्यावरील सर्व काही प्रभूचे आहे, असे तो सांगतो. दुसरे ठिकाण शेजाऱ्याचे घर. त्याने बोलावले आणि जावेसे वाटले तर जा, पुढे वाढलेले खा. मात्र हा नैवेद्य आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. तिसरे ठिकाण खुद्द देवळातले मेज. तिथे तो अजिबात सवलत देत नाही; प्रभूच्या मेजाचे आणि त्या मेजाचे भागीदार एकाच वेळी होता येत नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. पदार्थ तिन्ही ठिकाणी एकच आहे. फरक पडतो तो आपण तिथे कोण म्हणून बसलो आहोत, याने.

आपल्या भाषेत या फरकाला नेमके शब्द आहेत, पाहुणा आणि यजमान. पूजेच्या ठिकाणी आदराने उभा असलेला माणूस पाहुणा असतो, आणि नारळ फोडणारा त्या पूजेचा यजमान असतो. सर्वांच्या वतीने अर्पण करणारा तोच. तुमच्या वडिलांचे म्हणणे मी हलके मानत नाही. देव मन पाहतो हे खरेच आहे. पण यजमानाचा हात त्याच्या एकट्याचा नसतो. तुमच्या हातून अर्पण होत असताना तुमच्या मनात वेगळेच काही चालले असेल, तर त्या बावीस माणसांच्या श्रद्धेशीही ती प्रतारणा होते. ते खऱ्या मनाने हात जोडून उभे, आणि त्यांचा यजमान मनाने तिथे नाही.

उभे राहण्याबद्दल जुन्या करारातली नामानाची गोष्ट आठवावी. अरामाचा तो सेनापती कुष्ठातून बरा झाल्यावर संदेष्टा अलीशाला म्हणाला, माझा धनी रिम्मोन दैवताच्या देवळात नमन करायला जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो आणि मलाही वाकावे लागते; एवढ्या गोष्टीची परमेश्वराने मला क्षमा करावी. संदेष्ट्याने त्याला झिडकारले नाही, शांतीने जा म्हणून निरोप दिला. मात्र नामानाने आपली अडचण लपवली नव्हती, आणि वाकणे निर्दोष आहे असा दावाही केला नव्हता, हे या गोष्टीचा आधार घेणारे पुष्कळदा विसरतात.

माझा सल्ला असा की वरिष्ठांना आणि तुमच्या माणसांना आधी, शांतपणे सांगा. ऐन नवमीच्या सकाळी, माळा घातल्यावर दिलेला नकार सर्वांनाच लागेल.

दिवेलागण

ओवरी सरांचे विवेचन पटले, फक्त पेढ्याबाबत माझे मत वेगळे आहे. मंडळीतला, म्हणजे आपल्या चर्चमधला, एखादा नवखा तरुण तुम्हाला प्रसाद खाताना पाहील आणि उद्या त्याहून पुढे जाईल. माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी कधीच मांस खाणार नाही, असे त्याच आठव्या अध्यायाच्या शेवटी पौल लिहितो. मी स्वतः नम्रपणे नको म्हणते. आजवर कोणी रागावलेले नाही.

पानमळा

हा धागा वाचताना एक भीती वाटली, म्हणून लिहितो. आपल्या मंडळ्यांतून तडजोड हा शब्द फार सैल वापरला गेला आहे. टाळमृदंग ही तडजोड, मंगळसूत्र ही तडजोड, दाराशी रांगोळी ही तडजोड! कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरदार आणि जात यांचे काय मोल द्यावे लागते, हे त्यांनी पुरते अनुभवले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या आणि नंतर १९०० साली त्यांनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. अशा माणसाने मोल देऊन जे सोडायचे ते सोडले आणि अभंग, ओवी, कीर्तन मात्र सोबत आणले. आज आपण उपासनेत जी भजने गातो ती त्या निर्णयाची देणगी आहे. पुढे १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारायला घेतला. मिशनचा आश्रय सोडणे आणि तुकोबांची वाणी न सोडणे, हे दोन्ही एकाच निष्ठेतून आले, असे मला वाटते.

पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८८९ साली शारदा सदन ही मुलींची आणि विधवांची निवासी शाळा उघडताना मुलींवर धर्म लादणार नाही, असे त्यांनी कबूल केले आणि तो शब्द पाळला. पण स्वतःची प्रार्थना दार लावून करायची, हे त्यांना मान्य नव्हते. दार उघडे असे, ज्या मुलीला यावेसे वाटे ती येऊन बसे. त्यावरून १८९३ साली पुण्यात वादळ उठले, रानडे आणि भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळ बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ते दार लावून घेतले असते तर हे सारे टळले असते. दुसरीकडे, इंग्लंडमध्ये ज्यांच्याकडे त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्या चर्चच्या वडीलधाऱ्यांनी जे जे सांगितले तेही त्यांनी निमूट मान्य केले नाही. विवेकाला न पटणारे त्यांनी पत्रांतून स्पष्ट लिहून कळवले. हिंदू समाजाची मर्जी आणि मिशनची मर्जी, दोन्हींपुढे त्या एकाच कारणाने झुकल्या नाहीत.

म्हणून भाऊ, नारळ फोडू नका, पण झेंडूच्या माळेला घाबरू नका. आपल्या शेतातले फूल आहे ते.

काळी माती

मी परिचारिका आहे. वीस वर्षे एका खाजगी रुग्णालयात काम केले, नाव सांगणार नाही. या धाग्यावर लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला.

आमच्याकडे दर वर्षी सत्यनारायण होत असे. मी कधीही तीर्थप्रसाद घेतला नाही. नको म्हणताना मला आतून एक बळ येत असे, आणि खरे सांगायचे तर अभिमानही वाटत असे. रविवारी महिला मंडळात मी ती साक्ष दिली आहे, बहिणींनी ती ऐकून देवाचे आभार मानले आहेत. आणि त्याच वीस वर्षांत मी रात्रपाळीच्या तक्त्यांवर न घेतलेले रक्तदाब लिहिले आहेत. दर चार तासांनी नोंद हवी असे, माणसे कमी असत, पहाटेच्या रकान्यात आम्ही आधीच्या आकड्याजवळचा आकडा टाकून सही करत असू. वरच्यांना ते माहीत होते. सगळेच करत होते. त्यात देवाचा काही संबंध आहे, असे माझ्या मनातही आले नाही, कारण तिथे मूर्ती नव्हती, कुंकू नव्हते, ताम्हन नव्हते.

एका पहाटे एक आजोबा दगावले. माझ्या नोंदीप्रमाणे चार वाजता त्यांचा रक्तदाब व्यवस्थित होता. चार वाजता मी त्यांच्या खाटेजवळ गेलेच नव्हते. डॉक्टर म्हणाले की त्याने फरक पडला नसता, त्यांचे वय आणि आजार दोन्ही फार होते. कदाचित तसेच असेल. पण त्यांच्या मुलाने तक्ता हातात घेतला, माझ्या सहीवर बोट ठेवून "म्हणजे चार वाजेपर्यंत बरे होते तर" असे म्हणाला आणि माझे आभार मानले. ते आभार मला आजही पेलत नाहीत.

त्यानंतर बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय मला निराळा दिसू लागला. लहानपणापासून आपण सिंहांची गुहा ऐकतो, मनाई असूनही तो जिच्यापाशी प्रार्थना करी ती यरुशलेमेकडची उघडी खिडकी ऐकतो. पण त्या अध्यायात खिडकीच्या आधी एक वचन आहे. दानीएलाच्या वैऱ्यांनी आधी त्याच्या राज्यकारभारात दोष शोधला. हिशेब पाहिले असतील, नोंदी पाहिल्या असतील. काहीही सापडले नाही, कारण तो विश्वासू होता. आणि म्हणून मग याला पकडायचे तर याच्या देवाच्या नियमशास्त्रावरूनच पकडावे लागेल, असे त्यांनी ठरवले. माझ्या बाबतीत कोणाला एवढे कष्ट पडले नसते. पहिल्याच दिवशी तक्ता उघडून त्यांना जे हवे ते मिळाले असते.

आपल्या मंडळीत नारळाच्या वेळी सगळे जागे असतात. सहीच्या वेळी कोणी जागे नसते. वेशीवरचा भाऊ, तुम्ही सुपरवायझर झालात म्हणजे तुमच्यापुढेही रोज कागद येत असतील. नवमी वर्षातून एकदा येते.

जुनी पोथी

काळी माती ताई, तुमचे लिहिणे वाचून बराच वेळ काही सुचले नाही. मी मंडळीच्या इतिहासाचा विद्यार्थी आहे, आणि तुमच्या सहीवरून मला कागदाची एक फार जुनी गोष्ट आठवली.

इ. स. २५० मध्ये रोमचा सम्राट डेसियस याने साम्राज्यातल्या सर्व लोकांनी देवांना अर्पण करावे, असा हुकूम काढला. गावोगावी नेमलेल्या पंचांसमोर जायचे, धूप किंवा मद्य अर्पण करायचे, बळीचे मांस चाखायचे आणि तसे केल्याचा दाखला घ्यायचा. असे चाळीसहून अधिक दाखले ईजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरसवर टिकून राहिले. मजकूर जवळजवळ एकसारखा आहे : मी देवांना नेहमीच अर्पण करत आलो आहे, आताही तुमच्यासमोर अर्पण केले, चाखले, तरी आपण खाली तसे प्रमाणित करावे. त्यांतला एक तर तिथल्या मगरदेवाच्या पुजारणीचा आहे, यावरून तो हुकूम सर्वांनाच लागू होता हे कळते.

पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी अर्पण केले. काहींनी तुरुंग आणि छळ पत्करला. आणि एक तिसरा वर्ग निघाला. त्यांनी अर्पण केले नाही, हातही लावला नाही, पण अधिकाऱ्याला पैसे देऊन दाखला मिळवला. त्यांचे म्हणणे असे की आमचा हात शुद्ध आहे, जीभ शुद्ध आहे, केवळ एक कागद घरात आहे. धागाकर्त्याच्या वडिलांचे म्हणणे याच्या अगदी जवळचे आहे, फक्त तिथे मनाऐवजी हात शुद्ध राहिला होता.

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्यापुढे हा प्रश्न आला, आणि त्याची स्वतःची बाजूही सोपी नव्हती, कारण छळाच्या काळात तो लपून राहिला होता आणि त्यावरून त्याच्यावर टीका होत होती. २५१ साली आफ्रिकेतल्या बिशपांची सभा भरली. दाखला घेतलेल्यांचा अपराध अपराधच मानला गेला, पण प्रत्येकाची परिस्थिती वेगवेगळी तपासून, पश्चात्तापाच्या वाटेने त्यांना परत घेण्याचे ठरले. रोममध्ये नोवेशियन नावाचा कडवा पुढारी म्हणत होता की असल्यांना मंडळीने कधीच परत घेऊ नये. मंडळीने त्याचे ऐकले नाही. पुढे २५८ साली सिप्रियनला पकडले तेव्हा त्याने अर्पण करायला नकार दिला आणि त्याचा शिरच्छेद झाला.

मला यातून एवढेच म्हणायचे आहे की कागदावरचे खोटे हे खोटेच असते, हात कितीही शुद्ध असो.

गावकुसाबाहेरून

जुनी पोथी, शेवटची ओळ लिहिताना आपल्या मंडळीत कोण कोण वाचत असेल, याचा विचार आपण केला होता का? मी रागावलो आहे, तरी शक्य तितके सभ्यपणे लिहितो.

माझे पणजोबा छप्पनच्या, म्हणजे संवत १९५६ (इ. स. १८९९-१९००) च्या दुष्काळानंतर मिशनच्या शाळेपाशी आले. पोटासाठी बाटले, असे लोक म्हणाले. मंडळीतही काही जणांनी तसेच मानले. चार पिढ्या आम्ही प्रभूच्या मेजावर बसतो. तरी गावातली आमची वस्ती बदलली नाही, विहीर बदलली नाही, लग्नाच्या बोलणीत विचारला जाणारा प्रश्न बदलला नाही. १९५० सालचा अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने ठरवले की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ मध्ये शीख बांधवांना त्यात घेतले, १९९० मध्ये बौद्ध बांधवांना घेतले. आमच्या वाड्यातली जी घरे बाबासाहेबांबरोबर बौद्ध झाली त्यांना तो हक्क मिळाला आणि त्याचा मला आनंदच आहे. आम्ही आणि आमचे मुसलमान भाऊ बाहेर राहिलो. आदिवासी माणूस ख्रिस्ती झाला तर त्याचा जमातीचा दाखला जात नाही, आमचा जातो. जणू बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन जाते, असे सरकार मानते, आणि गाव मात्र ते मानत नाही.

माझ्या वडिलांनी मला शाळेत घातले तेव्हा गुरुजींनी रजिस्टरमध्ये "हिंदू महार" लिहिले आणि वडील गप्प राहिले. त्या गप्प राहण्यामुळे मी शिकलो. घरातले माझे नाव शास्त्रातले, म्हणजे बायबलातले आहे, दाखल्यावरचे वेगळे. त्याची किंमत काय असते, ते मंडळीतल्या जुन्या, जमीनजुमला असलेल्या घराण्यांना माहीत नाही. मंडळीच्या रजिस्टरवर सही करायची नाही. सेक्रेटरी व्हायला सांगितले तर काहीतरी कारण काढायचे. लग्न चर्चमध्ये लावायचे आणि नोंद दुसरीकडे करायची. ख्रिसमसच्या फोटोत कडेला उभे राहायचे. आपल्याला येशू कोण आहे हे ठाऊक असते आणि आपण आयुष्यभर, येशूला ओळखत नाही म्हणणाऱ्या पेत्रासारखे शेकोटीजवळ बसलेले असतो, कोंबडा आरवण्याची वाट बघत.

आता माझ्या वडिलांचा कागद खोटा, आणि ज्या कायद्याने त्यांच्यापुढे तो कागद ठेवला तो खरा, असे तुम्ही म्हणणार का? डेसियसच्या पंचांना तुम्ही दोन वाक्ये दिलीत आणि दाखला घेणाऱ्यांना दोन परिच्छेद.

जुनी पोथी

दादा, मी तो विचार केला नव्हता. पोथीतले दाखले मला दिसले आणि शेजारच्या बाकावरचा माणूस दिसला नाही, याबद्दल मनापासून क्षमा मागतो. शेवटची ओळ मी खोडत नाही, कारण ती माझ्यावरही चालते. पण ती ज्या सुरात लिहिली तो सूर मला लिहायला नको होता. सिप्रियनच्या सभेने प्रत्येकाची परिस्थिती वेगळी तपासली, हे मीच वर लिहिले आणि स्वतः मात्र तपासली नाही.

तुम्ही स्वतः पुढे काय केलेत, हे विचारण्याचा अधिकार मला नाही. सांगावेसे वाटले तरच सांगा.

गावकुसाबाहेरून

सांगतो, कारण धागा तडजोडीवर आहे आणि मी फक्त रागावून गेलो तर तेही अपुरेच ठरेल.

पदविका त्या दाखल्यावर झाली. नोकरी मात्र खाजगी मिळाली, तिथे दाखला लागला नाही. मुलगी दहावी झाली तेव्हा तिने विचारले, "पप्पा, अर्जावर काय लिहू?" तिच्या हातात पेन होते. माझ्या वडिलांना हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता, माझ्या वतीने तो गप्प राहून सुटला होता. तिने तो बोलून विचारला, आणि तिच्या तोंडावर खोटे सांगणे मला जमले नाही. तिने ख्रिस्ती लिहिले. सवलत गेली. तिच्या आईच्या दोन बांगड्या त्या वर्षी मोडल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात म्हटले की प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. तो निकाल वाचला तेव्हा मुलीचा कागद आठवून मला हायसे वाटले, आणि माझा स्वतःचा आठवून मान खाली गेली.

शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयाने परत केले तसे चौपट मला करता येत नाही. गेली काही वर्षे वस्तीतल्या एका मुलाची वर्षाची फी भरतो, धर्म न विचारता. मंडळीच्या रजिस्टरवर सही केली आहे.

माझा धाकटा भाऊ अजून जुन्या दाखल्यावर आहे, त्याची नोकरी त्यावरच आहे. त्याला मी काहीही म्हणत नाही. त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो आणि तो कायदा बदलावा म्हणून निवेदनांवर सह्या करतो. माझ्या वडिलांनी पाप केले का, हे मला कोणी विचारू नका. ते आता ज्याच्यापुढे उभे आहेत त्याला त्या रजिस्टरची सगळी पाने माहीत आहेत.

काळी माती

दादा, तुमच्या मुलीला माझा सलाम सांगा.

दिवेलागण

पेढ्यावर मी जो आग्रह धरला, तो या सगळ्यानंतर मला फार लहान वाटतो आहे. मी अजूनही नको म्हणेन, पण त्याची साक्ष देणार नाही. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या हिशेबात एका बिलावर मी न पाहता सही केली होती. उद्या ते बिल काढून पाहते.

वेशीवरचा (धागाकर्ता)

उशिरा लिहितो आहे, क्षमा असावी. नवमी होऊन तीन आठवडे झाले.

ओवरी सरांच्या सल्ल्याप्रमाणे मी दोन आठवडे आधी मॅनेजरना सांगितले. ते नाराज झाले, पण नाही म्हणाले नाहीत. मग आमच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरना, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांना वेगळे बाजूला घेऊन सांगितले की मला तुमच्या पूजेचा अनादर करायचा नाही, पण तिचा यजमान मला खऱ्या मनाने होता येणार नाही. यजमान हा शब्द ऐकल्यावर त्यांना लगेच उमजले. म्हणाले, "साहेब, मशीन तुम्ही धुवा, नारळ मी फोडतो." आदल्या दिवशी पहिली प्रेस मी एकट्याने धुतली, खालच्या तेलाच्या तबकासकट. नवमीला मी सर्वांबरोबर उभा होतो. नंतर अण्णांनी माझ्या हातात पेढा ठेवला आणि हळूच म्हणाले, "हा ताटातला नाही. आधीच बाजूला काढून ठेवला होता." दिवेलागण ताई, तो मी खाल्ला.

पण मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे आहे. काळी माती ताईंनी कागद येत असतील म्हणून लिहिले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला प्रत्येक प्रेसची तपासणी करायची असते. दोन्ही हातांची बटणे एकत्र दाबल्याशिवाय स्ट्रोक येत नाही ना, प्रकाशाच्या पडद्यात हात गेला की प्रेस थांबते ना, हे पाहायचे आणि चेकलिस्टवर सही करायची. सुपरवायझर झाल्यापासून महिनाभर मी त्या चेकलिस्टा केबिनमध्ये बसून भरत होतो. आधीचेही तसेच करत. अकरा प्रेस तपासायला पंचवीस मिनिटे लागतात आणि पहिल्या तासाचे उत्पादन वर कळवायचे असते. नारळ फोडावा की नाही म्हणून मी रात्र रात्र जागत होतो, आणि सकाळी येऊन अकरा खोट्या सह्या करत होतो.

नवमीनंतरच्या सोमवारी मी लाकडी दांडा घेऊन एकेक प्रेस तपासली. सातव्या प्रेसच्या पडद्यात दांडा घातला तरी स्ट्रोक थांबला नाही. ती प्रेस किती दिवसांपासून अशी होती, कोणास ठाऊक. माझ्या सह्यांप्रमाणे ती रोज ठीक होती. तिच्यावर चोवीस वर्षांचा मुलगा काम करतो. मी ती बंद केली, चेकलिस्टवर बंद लिहिले आणि वर कळवले. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत अडीच तास गेले. मॅनेजर सर्वांसमोर म्हणाले, "नारळ फोडत नाही, आणि आता प्रेसही चालू देत नाही." मी उत्तर दिले नाही. संध्याकाळी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन मागच्या महिन्याच्या चेकलिस्टा मी न तपासता भरल्या होत्या, हे त्यांना सांगितले. त्यांनी दार लावून घेतले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. पुढे काय होईल, ते अजून कळलेले नाही.

वडिलांना हे सारे सांगितले. नारळाचे त्यांना अजून पटलेले नाही. सातव्या प्रेसचे ऐकून मात्र ते उठून आत गेले आणि थोड्या वेळाने शास्त्र घेऊन बाहेर आले. त्या रात्री आम्ही दानीएलाचा सहावा अध्याय एकत्र वाचला.

माझ्या मुलाच्या शाळाप्रवेशाचा अर्ज कपाटावर ठेवलेला आहे. आमच्या घरातही दोन नावांची पद्धत आहे, हे मी पहिल्या लेखनात सांगितले नव्हते. धर्माच्या रकान्यापर्यंत येऊन मी थांबलो आहे. गावकुसाबाहेरून दादा, तुम्हाला निरोप पाठवला आहे. रविवारी उपासनेनंतर वेळ असेल, तर मी मुलाला घेऊन तुमच्याकडे येतो.